शकूआत्या आणि मठाचा नारळ

"पंचकातच जायचं व्हतं व्हय बाईंना?"

शेजारची हिरामावशी तुझ्या घराच्या मागच्या दाराशी कुणाला तरी हळू आवाजात म्हणत होती. मी आत ओट्यापाशी कप विसळत होते. "आता काय घड्याळ बघून जातंय का कुणी," दुसरी बाई म्हणाली. दोघी हसल्या, आणि पुढच्या खोलीत तू आहेस हे आठवून लगेच गप्प झाल्या.

शकूआत्या, तुलाही हसू आलं असतं. ज्या पंचांगाशी जन्मभर भांडलीस, त्यानं शेवटी तुला बरोबर गाठलं. पंचक म्हणजे काय ते मला धड माहीत नव्हतं. बाबांना विचारलं. ज्योतिषाच्या घरात वाढलेला तुझा धाकटा भाऊ, त्यांना सगळं पाठ. चंद्र धनिष्ठेच्या मध्यापासून रेवतीपर्यंत असतो ते दिवस म्हणजे पंचक. त्यात कुणी गेलं तर मागोमाग आणखी पाच माणसं जातात, असं मानतात. म्हणून कणकेचे पाच पुतळे करून चितेवर सोबत ठेवायचे. गॅसचा सिलेंडर कसा बदलायचा ते सांगावं तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं.

मला तुझं उत्तर ऐकू आलं. चंद्र तर दर महिन्याला तिथून जातो, मग एव्हाना या कोळवण गावात कुणी उरलंच नसतं.

तू कुठे शिकलीस, कुठल्या वेधशाळेत होतीस, हे मी लिहिणार नाही. ते लिहिणारे लिहितील. त्यांच्या मजकुरात 'पहिली महिला' हे शब्द नक्की असतील, आणि ते वाचून तू चष्मा काढून टेबलावर ठेवला असतास. "पहिली म्हणजे काय, बाकीच्यांना आत सोडलं नव्हतं एवढंच," असं तू एकदा म्हणाली होतीस. गाव तुला दुर्बिणवाल्या बाई म्हणायचं. ते तुला जास्त आवडायचं.

मी शनिवारी सकाळी स्कूटरवरून पौडमार्गे तुझ्याकडे यायचे. का यायचे, हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणूनच यायचे. ऑफिसमध्ये मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवते आणि दोन वाक्यं बोलायची असली तरी आधी मनात म्हणून बघते. तुझ्याकडे तेवढीही बोलायची गरज नसायची. तू स्लॅबवर दुर्बिणीच्या खटपटीत असायचीस आणि मी खाली वाचत बसायचे. पण एकदा बोलायला लागलं की मराठीतच बोलायचं, हा तुझा नियम. मी 'ओरायन' म्हटलं की तू ऐकूच आलं नाही असं दाखवायचीस. मग मी 'मृग' म्हणायचे आणि तू वर बघायचीस. म्हणून हेसुद्धा मराठीतच लिहितेय. चुका असतील. तू असतीस तर पेन्सिल घेऊन बसली असतीस.

संस्थानाची गोष्ट तू मला कधीच सांगितली नाहीस. ती बाबांनी सांगितली, तीही तुकड्यातुकड्यांनी. आपल्या मूळ गावी स्वामींचं संस्थान होतं आणि त्यांच्या पंचांगाचं गणित आजोबा करायचे, जुन्या कोष्टकांवरून, त्यांच्या वडिलांनी शिकवलं तसं. तू तेव्हा कॉलेजात होतीस. सुट्टीत घरी आलीस, ताळा करून बघितलास आणि पंचांगातली ग्रहणाची वेळ चुकलीय म्हणून आजोबांना सांगितलंस. त्यांनी ऐकलं आणि गप्प बसले. तू गप्प बसली नाहीस. शाळेच्या मैदानात माणसं जमवून तू वेळ सांगितलीस आणि ग्रहण तुझ्या वेळेला लागलं. लोक अजून आंघोळीच्या तयारीत होते.

स्वामींनी तुला बोलावलं. पादुकांवर डोकं ठेवून 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. तू बरोबर होतीस हे त्यांनाही माहीत होतं, त्यात वादच नव्हता. बाबा तेव्हा लहान होते. त्यांना आठवतं ते एवढंच, की आजोबा उंबऱ्यात उभे राहून तुझ्यापुढे, स्वतःच्या मुलीपुढे, हात जोडत होते. तू पिशवी उचललीस आणि पुण्याची बस धरलीस. आजोबांकडचं पंचांगाचं काम गेलं. तू पुन्हा त्या घरी गेली नाहीस, आजोबा वारले तेव्हाही नाही.

"एक वाक्य म्हणायचं होतं तिनं," बाबा अजूनही म्हणतात. "एकच वाक्य."

मला वाटतं, आत्या, ते वाक्य तुझ्या घशात कायमचं बंद झालं. संस्थानासाठीच नाही, सगळ्यांसाठी.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. माझ्या शाळेच्या पुस्तकात इटलीतल्या त्या म्हाताऱ्या खगोलशास्त्रज्ञाचा धडा होता, धर्मगुरूंनी ज्याला गुडघ्यावर बसवून शब्द मागे घ्यायला लावले तो. मी म्हटलं, त्यानं नाही म्हणायला हवं होतं. तू तर नाही म्हणालीस. मला वाटलं तुला बरं वाटेल. तू वाटाण्याच्या शेंगा सोलत होतीस. "तो सत्तरीला टेकलेला होता आणि डोळे जात चालले होते," तू म्हणालीस. "त्याच्या बसण्याउठण्यानं पृथ्वी थांबणार होती का? बसला तर बसला." मी विचारलं, मग तू का नाही बसलीस? तू म्हणालीस, "मी वीस वर्षांची होते. तेव्हा वाटतं, आपल्यामुळेच फिरतेय." आणि शेंगांचं ताट घेऊन आत गेलीस. तुला हे उमजलेलं होतं. तरी कोमलच्या वेळी तू पुन्हा वीस वर्षांची झालीस.

कोमल म्हणजे हिरामावशीची सून. तुझ्या घरासमोर भाताची एक पट्टी, तिच्यापलीकडे त्यांचं घर. ज्या दुपारी खंडग्रास सूर्यग्रहण होतं, त्या दिवशी मीही आले होते. टेकडीवरच्या मठातून आदल्या दिवशी सांगणं आलं होतं, गरोदर बायांनी दारंखिडक्या लावून आत बसावं, काही चिरू नये, कापू नये, उन्हात तर येऊच नये. तू म्हणाली होतीस, "एक संस्थान सोडून आले तर दुसरं टेकडीवर येऊन बसलं." तू अंगणात पांढरी चादर अंथरलीस आणि कोमलला हाक मारलीस. तिला दिवस गेले होते हे तुला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तू हाक मारलीस.

ती आली. सासू शेतावर होती. तू तिच्या हातात पिठाची चाळण दिलीस आणि उन्हात आडवी धरायला सांगितलंस. चादरीवर चाळणीच्या प्रत्येक भोकातून एक एक सूर्य पडला, आणि प्रत्येक सूर्याचा एक घास खाल्लेला. शेकडो चंद्रकोरी. कोमलनं चाळण हलवली, तशा सगळ्या एकदम हलल्या. मग तिनं दुसरा हात चाळणीखाली धरला आणि तळहातावरच्या त्या कोरींकडे बघत म्हणाली, "बाई, हे तर माज्या हातावर गोंदल्यावाणी दिसतंय." इतका आनंद मी तिच्या तोंडावर पुन्हा बघितला नाही. तुझ्याही नाही.

पुढच्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं कारण ग्रहणाच्या कितीतरी आधीचं होतं, पण ते कुणी ऐकलं नाही. गावात एकच बोलणं. चाळणीतनं गिराण अंगावर पाडून घेतलं. मठातल्या महाराजांनी तुझं नाव घेतलं नाही. 'शिकलेल्या माणसाचा अहंकार दुसऱ्याची कूस उजाड करतो' एवढंच ते म्हणाले, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत आख्ख्या खोऱ्यात पोचलं. हिरामावशीनं तुझ्याकडे दूध घालणं थांबवलं. तू पिशवीतलं दूध आणायला लागलीस आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. दुर्बिणीवर खोळ चढली ती फक्त तू एकटी असतानाच उतरायची. दुर्बिणीतून बघायला येणारी गावातली पोरं यायची बंद झाली.

मी तुला म्हटलं, कोमलकडे जाऊन ये.

"जाऊन काय सांगू?"

"वाईट वाटलं म्हणून सांग."

"तिला मी सॉरी म्हटलं की दुसऱ्या दिवशी मठात सांगतील, बाईंनी कबूल केलं. मग प्रत्येक पोटुशी पोरगी जन्मभर कोंडून घेईल."

"पण तुला वाईट वाटतंय ना?"

मग म्हणालीस, "चंद्रानं तिचं काही केलं नाही. सूर्यानंही नाही. मी केलं. मी तिला वाद जिंकायला बाहेर बोलावलं. ती मजा बघायला आली होती, आणि मला मठाला दाखवायचं होतं. बाळ तसंही गेलं असतं. पण मग तिला रडू दिलं असतं सगळ्यांनी. आता ती रडली तरी लोक म्हणतात, तुझीच करणी."

"हेच सांग ना तिला," मी म्हटलं. "अगदी हेच."

तू नाही म्हणालीस. मी रागावून स्कूटर काढली. पौडच्या पुढे येईपर्यंत मनात तुझ्याशी भांडत होते, आणि मनातल्या भांडणात नेहमीसारखी फार चांगलं बोलत होते. पुढच्या शनिवारी आले तेव्हा आपण दोघींनी तो विषय काढला नाही. त्यानंतर कधीच नाही.

तर मग परवाची सकाळ.

गाव आलं होतं, आत्या. तुला वाटलं नसतं. भाताची झोडणी अर्धी टाकून माणसं आली होती, अंगावर भुसा तसाच. बांबू कुणी आणले, मडकं कुणी आणलं, आम्हाला काही विचारावं लागलं नाही. हिरामावशीनं तुला आंघोळ घातली. तुझे केस तिनं विंचरले, हळूहळू, गाठी सोडवत. आणि मग पदरानं हात पुसून बाबांपुढे येऊन उभी राहिली.

"दादा, पंचक हाय. म्या कणीक मळून ठिवलीया. तुमी न्हाई म्हणू नका. आमच्या कोमलला पुन्हा दिवस गेल्यात."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तू म्हणाली होतीस, मी गेल्यावर कुणी पंचांग उघडायचं नाही, आणि ते ऐकणारी मी एकटी. पण हिरामावशीच्या बोटांना ती कणीक अजून चिकटलेली होती आणि त्याच बोटांनी तिनं आत्ता तुझे केस विंचरले होते. मी मान हलवली. पाच पुतळे तुझ्यासोबत गेले. हे आधी सांगून टाकते, रागवायचं असेल तर रागव. ओबडधोबड, बोटाएवढे, डोळ्यांच्या जागी तांदूळ.

पण तेवढ्यावर भागलं नाही. मठातले अण्णा आले होते. मठाचा सगळा व्यवहार तेच बघतात. पांढरा सदरा, बोलणं अतिशय मऊ. त्यांच्या हातात नारळ होता.

"महाराजांनी पाठवलंय," ते बाबांना म्हणाले. "बाई मोठ्या होत्या, प्रश्नच न्हाई. पण गेलेल्या माणसाच्या माथी दोष ऱ्हाऊ नये. घरातल्या कुणीतरी हा नारळ हातात घेऊन हितं, चार माणसांत, म्हणायचं की गिराणाच्या येळंला बाईंकडून चूक झाली. मग नारळ मठात जाईल. त्याही सुटल्या आणि ती पोरगीबी सुटली."

"न्हाई म्हटलं तर?" मागून एका तरण्या पोरानं विचारलं.

"तर कोण काय करणार हाय," अण्णा म्हणाले. "पोरीच्या मनात ऱ्हाईल, एवढंच."

कोमलच्या नावानं मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणणं कुणालाही जड गेलं असतं. बाबांनी चष्मा पुसला. मला माहीत होतं ते काय करणार. उंबऱ्यात हात जोडणारे आजोबा त्यांनी डोळ्यांनी बघितलेत. त्यांनी आयुष्यभर सगळीकडे एक वाक्य म्हणून टाकलंय, सोसायटीत, ऑफिसात, आईच्या माहेरी, आणि त्यानं त्यांचं काही बिघडलेलं नाही. त्यांनी हात पुढे केला.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. इतक्या हळू, की फक्त त्यांनाच ऐकू गेलं.

"चिनू, नारळच आहे," ते कुजबुजले. "ती कुठे ऐकतेय?"

तू ऐकत नव्हतीस, हे मलाही दिसत होतं. पण कोमल ऐकणार होती. संध्याकाळपर्यंत तिच्यापर्यंत पोचलंच असतं, की दुर्बिणवाल्या बाईंच्या माणसांनीच कबूल केलं, ग्रहणानंच गेलं तुझं बाळ. मग ती पुढचे सगळे महिने दार लावून बसली असती. या बाळाचं काही बरंवाईट झालं असतं तर तळहातावरच्या त्या कोरी तिनं जन्मभर घासून काढल्या असत्या. आणि नारळ नाकारून गप्प राहिलो असतो तरी ती तशीच एकटी राहिली असती, जशी तू तिला ठेवलीस. मला दोन्ही नको होतं, आणि तिसरं काय ते अण्णांना समजावून सांगण्याइतकी मी कधीच धीट नव्हते.

"मी कोमलशी बोलून येते," मी म्हटलं. नारळ अजून अण्णांच्याच हातात होता.

पोटुशी बाईनं मयताला यायचं नसतं, म्हणून ती त्यांच्या घरीच होती. पडवीच्या खांबाला टेकून उभी असलेली लांबूनही दिसत होती. मी बांधावरून निघाले. दोन्ही बाजूंना भाताची नुसती बुडखं राहिली होती. मला वाटलं होतं, जवळ जाईन, तिचा हात धरीन आणि हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं सांगेन. तेवढं मला जमलं असतं.

अंगणाच्या कडेला पोचले आणि मागून हिरामावशीची हाक आली. "ताई, तितंच थांब गं. तुला सुतक हाय. पोरीला शिवू नको."

मी थांबले. मी तुझ्या भावाची मुलगी, सुतकातली. पलीकडे पोटुशी कोमल. मधे सारवलेलं आख्खं अंगण. कुजबुजण्याइतकं जवळ जाता येत नव्हतं. जे बोलायचं ते मोठ्यानं बोलावं लागणार होतं, आणि मोठ्यानं म्हणजे मागच्या सगळ्या माणसांना, अण्णांना, बाबांना ऐकू जाईल असं. मागे वळून बघितलं तर झाडून सगळे इकडेच बघत होते. झोडणीचा आवाजही कुठे नव्हता.

मनात नेहमीसारखं वाक्य म्हणून बघायला गेले आणि काहीच येईना. इंग्रजीतही नाही.

"बाई गेल्या न्हवं," कोमलच म्हणाली. "मला बघाया बी येऊ दिलं न्हाई." मग पडवीतूनच, "ताई, त्या माज्यावर रागावल्या व्हत्या का? पुन्हा कधी हाकच मारली न्हाई मला."

आत्या, इतकी वर्षं आपण समजत होतो की ती तुझ्यावर रागावलीय.

मी तोंड उघडलं. आवाज मला अनोळखी वाटावा इतका मोठा आला, आणि मधेच फाटला, तरी मी थांबले नाही.

"नाही गं कोमल. तुझ्यावर नव्हती रागावली. तुझ्यापुढे यायला ती घाबरत होती. तुझं बाळ ग्रहणानं गेलं नाही, चाळणीनं गेलं नाही, तू उन्हात आलीस म्हणूनही गेलं नाही. यातलं एक अक्षर आम्ही मागे घेणार नाही. पण तुला सगळे बोलत होते तेव्हा तिनं तुझ्या शेजारी येऊन उभं राहायला हवं होतं, आणि ती आली नाही. ते तिचं चुकलं. फार चुकलं. त्याची माफी मी मागते, तुझी, मठाची नाही."